स्पोर्ट्‌स कारचे ब्रेक पुन्हा पुन्हा किंचाळतात? पॅड बदलण्याआधी पॅड बसतो ती जागा बघा

बेसमेंटमधून गाडी वर काढायची, गेटपाशी हलकेच ब्रेक दाबायचा आणि चीं-ई-ई-ई! आठ महिने माझी सकाळ अशीच सुरू व्हायची. शेवटी आमच्या वॉचमनकाकांनी विचारलंच, "साहेब, एवढी भारी गाडी, मग दोन थेंब तेल का नाय सोडत तिच्यात?"

हसून घ्या, पण हे इथेच स्पष्ट सांगतो. ब्रेकमध्ये तेल, ग्रीस, गंज काढायचा स्प्रे यातलं काहीही फवारायचं नाही. आवाज जाईल आणि त्याच्याबरोबर ब्रेकही जातील. हा उपाय सुचवणारे लोक मला पेट्रोल पंपावर भेटलेत, म्हणून सुरुवातीलाच लिहिलं.

गाडी दोन दारांची, दोन सीटची, सेकंडहँड घेतलेली. पुढच्या चाकांना चार पिस्टनचे फिक्स कॅलिपर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दोन्हीकडून पॅड दाबणारे, स्वतः न हलणारे चिमटे (पिस्टन म्हणजे पॅड ढकलणारे दट्टे), आणि भोकं पाडलेल्या डिस्क. पहिल्या मालकाने ती मुंबईत समुद्रासमोरच्या इमारतीत, उघड्या पार्किंगमध्ये सहा वर्षं ठेवली होती. व्यवहाराच्या वेळी हे मी ऐकलं आणि विसरलो. ते लक्षात राहिलं असतं तर पुढचे बरेच पैसे वाचले असते.

आवाजाचा बंदोबस्त मी तीनदा केला आणि तिन्ही वेळा तो परत आला. पहिल्यांदा पुण्यातल्या एका गॅरेजमध्ये पुढचे पॅड बदलून घेतले. तीन आठवडे शांतता, मग पुन्हा तेच. दुसऱ्यांदा शहाणपणा माझा. स्पोर्ट्‌स कार आहे तर पॅडही तसेच हवेत म्हणून ट्रॅकवर वापरायचे पॅड मागवले. ते पॅड चांगले तापल्याशिवाय नीट पकडत नाहीत आणि थंड असताना कचऱ्याच्या गाडीसारखे ओरडतात. कर्वे रोडवर ते कधीच तापले नाहीत. पंधरा दिवसांत काढून ठेवले, अजून कपाटात आहेत. तिसऱ्यांदा दुसऱ्या एका गॅरेजने डिस्क लेथवर लावून साफ करून दिल्या आणि नवे साधे पॅड घातले. या वेळी सव्वा महिना निभावलं.

नवा पॅड घातला की आवाज थांबतो आणि महिन्याभरात परत येतो, यातच खरं तर उत्तर होतं. दोष पॅडमध्ये असता तर तो पॅडबरोबर गेला असता. मागे राहणारं काहीतरी दर नव्या पॅडला बिघडवत होतं.

आवाज येतो कुठून

पॅड डिस्कवर घासला की तो सरळ घसरत जात नाही. क्षणभर चिकटतो, सुटतो, परत चिकटतो. सेकंदाला हजारो वेळा. त्या थरथरीचा ताल डिस्कच्या किंवा पॅडच्या स्वतःच्या कंपनाशी जुळला की अख्खी डिस्क घंटेसारखी वाजायला लागते. ओलं बोट काचेच्या ग्लासच्या काठावरून फिरवलं की सूर निघतो, तोच प्रकार. हा आवाज साधारण १ किलोहर्ट्‌झच्या (सेकंदाला हजार कंपनांच्या) वरचा असतो, म्हणजे माणसाच्या कानाला नेमका टोचणारा.

तक्रारही जुनीच आहे. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअरने १९०२ साली डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं, तेव्हा घासायला तांबं वापरलं होतं आणि त्याचा कर्कश आवाज ही त्या ब्रेकची मोठी अडचण ठरली. पुढे १९५३ मध्ये जॅग्वारच्या सी-टाइप गाड्यांनी डिस्क ब्रेकच्या जोरावर ल मान्सची चोवीस तासांची शर्यत मारली आणि मग सगळ्यांनाच डिस्क हवीशी झाली. आवाज मात्र तेव्हापासून आजपर्यंत सोबतीला आहे.

स्पोर्ट्‌स कारमध्ये तो जास्त का, याचा हिशेब एकदा कागदावर मांडून बघा. दीड टनाची गाडी ताशी १०० किमीवरून थांबवली की ब्रेकमध्ये सुमारे ५८० किलोज्यूल उष्णता तयार होते. पावणेदोन लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळी फुटेपर्यंत तापवायला ती पुरते. तीच गाडी २० किमीवरून थांबवली तर २३ किलोज्यूल, म्हणजे पंचविसावा हिस्सा. ब्रेक बनवलाय पहिल्या कामासाठी, वारंवार, आणि आपण त्याला दिवसभर दुसरं काम देतो. मोठी डिस्क, जास्त धातू असलेला पॅड, कडक कॅलिपर, आणि सगळं कायम थंड. घरगुती गाडीच्या कॅलिपरमध्ये रबरी बूट आणि सरकणाऱ्या पिन असतात, त्या थोडी थरथर पिऊन टाकतात. फिक्स कॅलिपरमध्ये तशा सरकणाऱ्या पिन नसतात. पॅड दोन स्टीलच्या पट्ट्यांच्या मधे बसतो आणि त्या खाचेत त्याने मोकळेपणाने पुढे-मागे सरकावं एवढीच अपेक्षा असते. ही खाच लक्षात ठेवा, शेवटी तिथेच यायचं आहे.

पाना उचलण्याआधी वही

चौथ्या वेळी मी भोसरीच्या एका कारखान्यात तीस वर्षं टूलरूम सांभाळलेल्या आमच्या काकांना गाठलं. गाडी आणू का विचारलं तर म्हणाले, "गाडी नको. आठ दिवस लिहून आण. कधी वाजते, कधी वाजत नाही. आणि वाजत नाही ते आधी लिही."

मला राग आला होता, पण लिहिलं. त्या वहीतून निघालेलं हे, अगदी जसंच्या तसं नाही.

सकाळी, विशेषतः धुतल्यानंतर किंवा रात्री पाऊस पडून गेल्यावर, पहिल्या दोन-तीन ब्रेकला खरखर येते आणि जाते. तो डिस्कवरचा गंज. डिस्क बिडाची असते, एका रात्रीत तांबूस होते आणि पॅड तो पुसून टाकतो. याच्यामागे लागायचं नाही.

हलका ब्रेक दाबला की किंचाळी, जोरात दाबला की बंद. हा खास कंपनाचा आवाज. जोर वाढला की पॅड घट्ट दाबला जातो आणि थरथर मरते. उलट जोर लावल्यावर आवाज वाढत असेल, खरडल्यासारखा येत असेल किंवा पायाला पेडलमध्ये जाणवत असेल, तर लिहीत बसू नका. पॅड संपून लोखंडावर लोखंड घासत असू शकतं. गाडी उभी करा. बऱ्याच गाड्यांच्या पॅडला एक पत्र्याची जीभ असते, पॅड दोन-तीन मिलिमीटरवर आला की ती डिस्कला टेकून मुद्दाम ओरडते. अनेक स्पोर्ट्‌स कारमध्ये तिच्या जागी वायरचा सेन्सर असतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. माझ्या गाडीत सेन्सर होता, दिवा लागत नव्हता, म्हणजे पॅड संपला असण्याची शक्यता बाद.

ब्रेक न दाबताही सतत शिर्र येत असेल तर आधी डिस्कच्या मागे बघा. तिथल्या पत्र्याच्या झाकणात बऱ्याचदा खडा अडकलेला असतो. मुरमाच्या रस्त्यावरून आलात की हे हमखास होतं. रिव्हर्स-फॉरवर्ड केलं की कधी आपोआप पडतो, नाहीतर पत्रा बोटाने जरासा बाहेर वाकवायचा. वळणावर आवाज बदलत असेल तर चाकाची बेअरिंग तपासा.

मोबाइलवर आवाजाची फ्रीक्वेन्सी दाखवणारं कुठलंही फुकटचं ॲप घ्या आणि शेजारी कुणाला तरी बसवून रेकॉर्ड करा. वेग कमी होत गेला तरी सूर तोच राहिला तर ती डिस्क-पॅडची थरथर आहे. वेगाबरोबर सूर उतरत गेला तर चाकाबरोबर फिरणारं काहीतरी घासतंय. ॲपवरची माझ्या आवाजाची रेघ ताशी ३० किमीलाही २.४ किलोहर्ट्‌झवर आणि १० लाही तिथेच. पाच मिनिटांच्या या उद्योगाने बेअरिंग, खडा, वाकडं झाकण हे सगळं एका फटक्यात बाजूला पडलं.

पण काकांनी वहीत बोट ठेवलं ते तीन वेगळ्याच ओळींवर. ताम्हिणी उतरून आल्यावर दोन दिवस आवाज नाही. पार्किंगमध्ये रिव्हर्स घेताना दोन-चारदा कचकन ब्रेक मारले तर अर्धा दिवस आवाज नाही. आणि डावीकडचं रिम उजवीकडच्यापेक्षा कायम काळं.

"डावीकडचं गरम होतं का?" काकांनी विचारलं. मला माहीत नव्हतं. त्यांच्याकडची तापमान मोजायची गन घेऊन वीस किलोमीटर साधी चालवली, शेवटचा किलोमीटरभर ब्रेक जवळजवळ दाबलाच नाही. उजवी डिस्क ७० अंश, डावी १३०. म्हणजे पाय काढल्यावरही डावा पॅड डिस्कला चिकटून राहत होता. कारण दोनपैकी एक, पिस्टन अडकतोय किंवा पॅड अडकतोय.

उघडल्यावर

हे काम घरी करायचं असेल तर सपाट जागा, मागच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळ्यांची ओट, आणि जॅकवर भरवसा न ठेवता खाली स्टँड. तोंडाला मास्क. ब्रेकची धूळ हवेच्या पाइपने उडवायची नाही, ब्रेक क्लीनरने ओली करून पुसायची. बऱ्याच चार पिस्टनच्या कॅलिपरमध्ये वरून दोन पिन ठोकून काढल्या आणि स्प्रिंगची पट्टी उचलली की पॅड वर ओढून निघतो, कॅलिपर काढावाच लागत नाही.

उजवा पॅड थोडा कुरकुर करत निघाला. डावा निघेना. पेचकसाने ढकलला, प्लायरने ओढला, शेवटी काकांनी हातोडीच्या लाकडी दांड्याने खालून ठोकल्यावर सुटला. त्याचे दोन्ही कान, म्हणजे खाचेत बसणारी टोकं, चकचकीत घासलेली होती. जरा निरखून पाहिलं तर घासलेली नाहीत, कानस मारलेली. आधीच्या कुणीतरी पॅड बसत नाही म्हणून पॅडच कापून बसवला होता. काकांनी तो हातात फिरवला आणि काहीच बोलले नाहीत. शिवी परवडली असती.

पॅडची जाडी वरच्या टोकाला ९ मिलिमीटर, खालच्या टोकाला साडेसात. सव्वा महिन्यात. तिरका बसलेला पॅड तिरकाच झिजतो, आणि तिरका पॅड डिस्कला एका काठाने आधी टेकतो. किंचाळायला एवढं पुरे.

आता खाच. कॅलिपर ॲल्युमिनियमचा आणि पॅड सरकायच्या जागी त्यावर स्टीलच्या पातळ पट्ट्या, बारीक स्क्रूने बसवलेल्या. बाहेरून बघितलं तर सगळं स्वच्छ. काकांनी पट्टीवर स्टीलची मोजपट्टी आडवी धरली आणि मागे उजेडाची बॅटरी लावली. खाचेतली पट्टी मधोमध फुगलेली होती, कडेने उजेड येत होता. स्क्रू काढायला अर्धा तास गेला. गॅसच्या टॉर्चने कडेकडेने ऊब दिली, एक तरीही तुटलाच आणि ड्रिल करून काढावा लागला. पट्टी उचलली तर खाली पांढरी पूड. विड्याच्या पानावर लावायच्या चुन्यासारखी, पण नखाने खरवडली तर दगडासारखी कडक.

ॲल्युमिनियम आणि स्टील एकमेकांना चिकटून आणि मधे खारट ओल. दोन वेगळे धातू आणि मिठाचं पाणी म्हणजे बॅटरीच झाली, आणि त्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं. खाल्लेल्या ॲल्युमिनियमची पूड मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, म्हणून ती वरची पट्टी उचलते आणि खाच अरुंद होते. सहा वर्षांचा समुद्राचा वारा तिथे साठलेला होता. परदेशात बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात तिथे हा रोग नेहमीचा. आपल्याकडे रत्नागिरी, मुंबई, पणजीच्या गाड्यांना तो होतो आणि मग त्या पुण्याला, नाशिकला विकल्या जातात.

नवा पॅड तीन आठवडे गप्प का बसायचा, तेही कळलं. नवा पॅड बसवताना कानांना थोडं ग्रीस लावलेलं असतं. तोवर तो कसाबसा सरकतो. पुढे धूळ बसते, ग्रीस वाळतं आणि पॅड खाचेत आवळला जातो. पिस्टन मागे येतो, पॅड येत नाही. रिव्हर्सचा जोराचा ब्रेक त्याला उलट्या दिशेने झटका देऊन थोडा मोकळा करायचा, म्हणून अर्धा दिवस शांतता. घाटात उतरताना पॅड तापून त्याचा चकाकलेला थर निघून जायचा, म्हणून दोन दिवस.

परत बसवताना

पांढरी पूड स्कॉचब्राइट आणि प्लॅस्टिकच्या खरवडणीने काढली. ॲल्युमिनियम घासून खड्डा पाडायचा नाही, फक्त पूड जायला हवी. नव्या पट्ट्या आणि नवे स्क्रू घेतले; जुनी पट्टी ठोकून सरळ करण्याचा मोह टाळा, ती पुन्हा सपाट होत नाही. पट्टीच्या खाली सिरॅमिक ग्रीसचा अगदी पातळ हात. साधं पिवळं ग्रीस अजिबात नको. पिस्टनची सीलं ज्या रबराची असतात, ते खनिज तेलाने फुगतं. स्क्रूचा टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, फार कमी असतो, मॅन्युअलमध्ये बघून तेवढाच द्या.

मग कसोटी. पॅड बोटाने ढकलला की खाचेत सरकायला हवा. हातोडी लागली, साधा अंगठ्याचा रेटा लागला तरी काहीतरी चुकलंय. आमचा पॅड आता सोडल्यावर आपल्या वजनाने खाली उतरला. काकांनी तो तीनदा वर-खाली केला, चौथ्यांदा मला करायला लावला.

पॅडच्या पाठीमागचा शिम विसरू नका. दोन पत्र्यांच्या मधे रबरासारखा थर असलेली ती चकती थरथर पिऊन टाकण्यासाठीच असते. काही गाड्यांत तिची क्लिप पिस्टनच्या पोकळीत बसते. पहिल्या गॅरेजने त्या परत लावल्याच नव्हत्या, पिशवीत घालून डिकीत ठेवलेल्या मला नंतर सापडल्या. चिकटपणा एकदाच कामाला येतो, म्हणून नव्या पॅडबरोबर नव्याच घ्यायच्या. ग्रीस फक्त कानांना आणि पिस्टन टेकतो तिथे, बिंदूएवढं. घासणाऱ्या बाजूला बोटाचा ठसासुद्धा नको.

डिस्क पुन्हा लेथवर लावली नाही. माझ्या डिस्कच्या मधल्या टोपीवर किमान जाडी २६ मिलिमीटर कोरलेली आहे आणि मागच्या लेथने ती २६.४ वर आणून ठेवली होती. अजून एकदा घासली असती तर भंगारात. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने हाताने गोल-गोल, एकमेकांना छेदणाऱ्या रेघा पाडल्या आणि ब्रेक क्लीनरने पुसून घेतल्या. कार्बन-सिरॅमिक डिस्क असेल तर मात्र हे करू नका, त्यांना कागद लावायचा नसतो.

आणि एक, जे घाईत विसरलं जातं. पिस्टन मागे ढकलले की पहिल्यांदा पेडल दाबल्यावर पाय थेट खाली जातो. गाडी हलवण्याआधी इंजिन सुरू करून पेडल कडक होईपर्यंत चार-सहा वेळा दाबा. ब्रेक ऑईलची टाकी आधी बघा, पिस्टन मागे गेले की त्यातलं ऑईल वर येऊन सांडतं आणि गाडीच्या रंगावर पडलं तर रंग सोलतो.

पॅड बसवून झाले तरी काम अर्धंच. पॅडचा एक अगदी पातळ, एकसारखा थर डिस्कवर चढावा लागतो, तो चढला नाही तर डिस्कवर डाग राहतात आणि तिथे ब्रेक कधी पकडतो, कधी सुटतो. रविवारी पहाटे रांजणगावच्या एमआयडीसीतल्या रुंद रस्त्यावर, आरशात मागे कुणी नाही हे बघून, ताशी ८० वरून २० वर मध्यम जोराने आणलं, पुन्हा वेग घेतला. असं दहा वेळा. मधे एकदाही पूर्ण थांबायचं नाही, कारण तापलेला पॅड एका जागी दाबून धरला तर तिथेच त्याचा शिक्का उमटतो. सातव्या-आठव्या वेळी जळका वास आला, तो यायचाच. मग दहा-पंधरा मिनिटं ब्रेक न वापरता रमत-गमत चालवून सगळं थंड केलं आणि हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये उभी केली. एक्स्प्रेसवेवर हा प्रयोग करू नका, मागच्या ट्रकला तुमच्या पॅडशी घेणं-देणं नसतं.

हे करून पाच महिने झाले, त्यातला जवळजवळ एक अख्खा पावसाळा. मधे एकदा आवाज परत आला आणि माझ्या पोटात गोळा आला. गाडी धुणाऱ्या पोऱ्याने टायरला चमकायचं पॉलिश मारताना स्प्रे रिमच्या आरपार डिस्कवर उडवला होता. क्लीनरने पुसून आणि आठ-दहा चांगले ब्रेक मारून गेला. आता तो पॉलिश फडक्यावर घेतो आणि मग टायरला लावतो.

आठवड्यातून एकदा तरी, मोकळ्या रस्त्यावर, दोन-चार कणखर ब्रेक मारायची सवय मी लावून घेतली आहे. सिग्नल ते सिग्नल वीसच्या वेगाने रांगणारा पॅड पुन्हा चकाकतोच. पावसाळी सकाळी गेटपाशी अजूनही एक बारीक चूं येतो, एकदाच. तो मी सोडून दिलाय.

दोन्ही पुढच्या चाकांचं काम झालंय. मागचे कॅलिपर अजून उघडलेले नाहीत, पण परवा बॅटरी घेऊन वाकून पाहिलं तर डावीकडच्या मागच्या पट्टीच्या कडेला पांढरी रेघ दिसते. आठ स्क्रू आणून ठेवलेत. काका पंढरपूरहून आले की तिला उचलून बघू.